राजाच्या खर्चाने शिकलेले चौघे

अभ्यासपाठ : विज्ञानातील उच्च शिक्षण आणि शिष्यवृत्त्या
वाचन : दानीएल, अध्याय १ ला



या वेळचा पाठ नेहमीपेक्षा थोडा वेगळा आहे. वचनाबरोबर अर्ज, दाखले आणि बँक खाते यांविषयीही बोलायचे आहे. याला कारण माझी स्वतःची एक चूक आहे, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करते.

काही वर्षांपूर्वी नवापूर भागातील एक गावित मुलगी माझ्याकडे आली. रसायनशास्त्रात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. गुण चांगले होते. वडिलांची दोन एकर कोरडवाहू जमीन, आणि दिवाळीनंतर आईवडील दोघेही ऊसतोडीला गुजरातेत. ती म्हणाली, "ताई, सर म्हणतात पीएच.डी. कर. पण पाच वर्षं फी कोण भरणार?" मी तिच्याबरोबर प्रार्थना केली आणि सांगितले, "बाळा, घरची स्थिती बघ. बी.एड. कर आणि नोकरीला लाग. पीएच.डी. पैसेवाल्यांचं काम आहे." तिने मान हलवली आणि गेली.

दीड-दोन वर्षांनी दुसऱ्या एका मुलाचा अर्ज भरायला मी बसले होते. तेव्हा प्रथमच नीट वाचले की विज्ञानात पीएच.डी. करणाऱ्याला दरमहा पैसे मिळतात. फेलोशिप मिळाली तर विद्यापीठाची फी त्यातून भरून राहण्याजेवणाचाही खर्च निघतो. मी त्या मुलीला भेटायला गेले. ती आश्रमशाळेत तासिका तत्त्वावर शिकवत होती, आणि धाकट्या भावाचे शिक्षण तिच्या पगारावर चालले होते. मी सगळे सांगितले आणि क्षमा मागितली. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "ताई, तेव्हा तुम्हालाही माहीत नव्हतं. पण आता माझ्या वर्गातल्या पोरांना तरी वेळेवर सांगा."

हा पाठ म्हणजे तिला दिलेला शब्द आहे.

वचन काय दाखवते

दानीएल, हनन्या, मीशाएल आणि अजऱ्या हे चौघे यहूदी तरुण बाबेलात बंदिवान होते. नबुखद्नेस्सर राजाने त्यांना खास्दी लोकांची विद्या व भाषा शिकवण्याची आज्ञा केली. शिक्षणाची मुदत तीन वर्षे. अन्न राजाकडून, शिक्षक राजाचे, राहण्याची सोय राजाची. आजच्या भाषेत ती निवासी शिष्यवृत्तीच होती.

या अध्यायातील तीन गोष्टी लक्षात घेऊ.

पहिली, त्यांनी परक्या राजाची विद्या नाकारली नाही. ती शिकल्याने विश्वास जाईल अशी भीती त्यांना वाटली नाही. सतराव्या वचनात तर ज्ञान व कौशल्य देणारा देवच होता असे सांगितले आहे. आपल्या मंडळीत कधी कधी "फार विज्ञान शिकला तर पोरगा उपासनेला येणार नाही" असे बोलले जाते. त्यांनी हे वचन पुन्हा वाचावे.

दुसरी, त्यांनी सोय घेतली, पण विवेक विकला नाही. राजाच्या ताटातले अन्न नको म्हणताना त्यांनी अधिकाऱ्याशी भांडण केले नाही. नम्रतेने दहा दिवसांची परीक्षा मागितली.

तिसरी, राजवाड्यात त्यांची नावे बदलली. दानीएलाला बेल्टशस्सर म्हणू लागले. तरी तो कोणाचा व कोणत्या लोकांतला हे तो विसरला नाही. नावाची ही गोष्ट पुढे कागदपत्रांच्या वेळी आपल्याला पुन्हा लागेल.

एक फरकही सांगायला हवा. दानीएल कैदी होता, आपली मुले नागरिक आहेत. संविधानाच्या कलम ४६ मध्ये अनुसूचित जाती-जमातींच्या शैक्षणिक हिताची विशेष काळजी घेण्याची जबाबदारी राज्यावर टाकली आहे. म्हणून शिष्यवृत्तीचा अर्ज म्हणजे कोणापुढे हात पसरणे नव्हे. हे मुलांना सांगा, आणि त्यांच्या आईवडिलांना तर आधी सांगा.

पायरी पहिली : बारावी ते बी.एस्सी.

आदिवासी विद्यार्थ्यासाठी पहिला आधार म्हणजे मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर ती मिळते, आणि अर्ज महाडीबीटीवर भरायचा असतो. शासकीय आदिवासी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजनेतून राहण्याजेवणासाठी रक्कम थेट खात्यात येते. वसतिगृहाची यादी लागली आणि नाव नसले, म्हणून गावी परतलेली मुले मी पाहिली आहेत. त्यांना स्वयं योजनेचे नावही कोणी सांगितलेले नव्हते.

बारावीला बोर्डाच्या परीक्षेत वरच्या १ टक्क्यात आलेला विद्यार्थी भौतिक, रसायन, गणित, जीवशास्त्र अशा मूलभूत विज्ञानाला गेला, तर इन्स्पायर शिष्यवृत्तीसाठी अर्ज करू शकतो. ती वर्षाला ८०,००० रुपयांपर्यंत असते. त्यातील २०,००० उन्हाळ्यातील संशोधन प्रकल्पासाठी असतात.

पायरी दुसरी : बी.एस्सी. ते एम.एस्सी.

आपली मुले बी.एस्सी. झाली की जवळच्याच महाविद्यालयात एम.एस्सी.ला जातात. त्यात वाईट काही नाही. पण तिसऱ्या वर्षाला असतानाच 'जॅम' नावाची परीक्षा देता येते. तिच्यातून आयआयटीसारख्या संस्थांत एम.एस्सी.ला प्रवेश मिळतो. रसायन, भौतिक, गणित, सांख्यिकी, जैवतंत्रज्ञान, भूविज्ञान असे विषय आहेत. अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांना परीक्षा शुल्कात सवलत आहे आणि केंद्र सरकारच्या शिक्षणसंस्थांत साडेसात टक्के जागा राखीव आहेत.

अशा नामांकित संस्थांत प्रवेश मिळाला तर खर्च कसा करायचा, हा पुढचा प्रश्न. केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाची उच्च शिक्षणासाठी राष्ट्रीय शिष्यवृत्ती यासाठीच आहे. मंत्रालयाच्या यादीतील संस्थांना ती लागू होते आणि कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा ६ लाख रुपये आहे. अडीच लाखांच्या वर उत्पन्न गेले की सगळे दरवाजे बंद झाले, असे समजू नका.

पायरी तिसरी : एम.एस्सी. ते पीएच.डी.

इथेच मी चुकले होते, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

पहिला मार्ग सीएसआयआर-यूजीसी नेट परीक्षेचा आहे. रसायन, भौतिक, गणित, जीवविज्ञान आणि पृथ्वीविज्ञान हे तिचे पाच विषय. ३ तास, २०० गुण. प्रश्नपत्रिका इंग्रजी व हिंदीत असते, मराठीत नाही. एम.एस्सी.ला अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्याला ५० टक्के गुण पुरतात, आणि शेवटच्या वर्षाला असतानाही परीक्षेला बसता येते. कनिष्ठ संशोधन फेलोशिपसाठी, म्हणजे जेआरएफसाठी, वयाची अट आहे, पण आपल्या मुलांना त्यात ५ वर्षांची सवलत आहे. चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात. "माहीत नसेल तरी काहीतरी खूण करून ये" असा सल्ला शाळेच्या सवयीने कोणी देऊ नये.

दुसरा मार्ग खास आदिवासी विद्यार्थ्यांसाठी आहे. आदिवासी कार्य मंत्रालय पीएच.डी.साठी देशभरात दरवर्षी ७५० राष्ट्रीय फेलोशिप देते. पूर्वी ही राजीव गांधी राष्ट्रीय फेलोशिप म्हणून ओळखली जात होती.

आता रक्कम. १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफचा दर पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि त्यानंतर काम समाधानकारक असेल तर दरमहा ४२,००० रुपये आहे. शहराप्रमाणे घरभाडे भत्ता वेगळा, आणि पुस्तके-प्रयोगसाहित्यासाठी वार्षिक अनुदान वेगळे. एकूण मुदत जास्तीत जास्त ५ वर्षे. ऊसतोडीला जाणाऱ्या घरात हा आकडा मोठ्याने वाचून दाखवा. मी दाखवते. एका बापाने मला तो तीनदा वाचायला लावला होता.

परदेशी जाण्यासाठी राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. दरवर्षी २० जागा. त्यातील १७ अनुसूचित जमातींसाठी आणि ३ विशेष असुरक्षित आदिम जमातींसाठी. आपल्या राज्यात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या जमाती त्यात येतात. ३० टक्के जागा मुलींसाठी आहेत. जागा थोड्या आहेत हे खरे. पण कातकरी वस्तीत काम करणाऱ्या आपल्या सेवकांनी ही माहिती आजच दहावीच्या मुलांना सांगितली, तर त्यांच्यापैकी कोणीतरी पुढे अर्ज करील.

दोन नियम सर्व ठिकाणी लक्षात ठेवा. एका वेळी एकच फेलोशिप घेता येते, आणि ती घेत असताना पूर्णवेळ नोकरी करता येत नाही. दोन ठिकाणाहून पैसे घेणे किंवा उत्पन्नाचा खोटा दाखला काढणे हे राजाच्या ताटातले ते अन्न आहे, जे दानीएलाने नको म्हटले.

कागदांची पिशवी

हुशारीअभावी अडलेली मुले मला फार थोडी दिसली. कागदाअभावी अडलेली पुष्कळ दिसली. म्हणून प्रत्येक घरात एक पिशवी करा आणि मूल आठवीत गेले की भरायला लागा :

• जन्माचा दाखला आणि शाळा सोडल्याचा दाखला.
• उपविभागीय अधिकाऱ्यांनी दिलेला जमातीचा दाखला.
• जात वैधता प्रमाणपत्र, ज्याला सगळे व्हॅलिडिटी म्हणतात. ते अनुसूचित जमाती प्रमाणपत्र तपासणी समितीकडून मिळते. त्याला वेळ लागतो, म्हणून अकरावीतच अर्ज करा.
• आजोबा-पणजोबांचे जुने पुरावे. अनुसूचित जमातींचा आदेश ६ सप्टेंबर १९५० चा आहे. त्याच्या आधीची शाळेची नोंद, गावातील जन्ममृत्यूची नोंद किंवा जमिनीचा कागद असेल तर तो सोन्यासारखा जपा.
• तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, आणि डोमिसाइल.
• विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावाचे, आधारशी जोडलेले बँक खाते. केवळ बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे खाते जोडले गेले असे नव्हे. शिष्यवृत्ती याच खात्यात येणार का, हे बँकेत विचारून खात्री करा.
• दहावीपासूनच्या सर्व गुणपत्रिका.

सगळ्या कागदांवर नाव एकसारखे हवे. इथे दानीएल आणि बेल्टशस्सर आठवा. आपल्याकडे मुलाला घरी एक नाव, बाप्तिस्म्याच्या वेळी दुसरे, आणि शाळेत गुरुजींनी लिहिलेले तिसरे असते. बाप्तिस्म्याचे नाव आनंदाने ठेवा, पण शाळेत, आधारवर आणि बँकेत एकच नाव लिहा. एका अक्षराच्या फरकाने अर्ज परत आलेला मी पाहिला आहे.

फॉर्म भरून देतो म्हणून हजारो रुपये मागणारे लोक बाजारात आहेत. त्यांच्याकडे कागद सोडू नका, आणि मोबाइलवर आलेला ओटीपी कोणालाही सांगू नका.

धर्म एका रकान्यात, जमात दुसऱ्या

हा प्रश्न मला प्रत्येक शिबिरात दबक्या आवाजात विचारला जातो : "ताई, आम्ही ख्रिस्ती झालो. आता एसटीची सवलत मिळते का?"

अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशात धर्माची अट आहे. अनुसूचित जमातींच्या आदेशात तशी अट नाही. धर्म बदलला म्हणून कोणी आपोआप जमातीबाहेर जात नाही. २००४ साली केरळच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले. मात्र त्या माणसाचे जमातीशी नाते आणि चालीरीती टिकून आहेत का, हा प्रश्न पुराव्याने तपासला जाऊ शकतो, असेही न्यायालयाने म्हटले. म्हणून आपली बोली, आपली कुळे, नात्यागोत्यातील व्यवहार सोडू नका. ते सोडायला प्रभूने सांगितलेलेही नाही.

अडचण बहुतेक वेळा शाळेच्या रजिस्टरात होते. जातीच्या रकान्यात कोणीतरी 'ख्रिश्चन' लिहून ठेवतो, आणि वीस वर्षांनी ते मूल पडताळणीच्या वेळी अडते. मुलाला शाळेत घालताना आईवडिलांनी स्वतः पाहावे : धर्माच्या रकान्यात धर्म, जातीच्या रकान्यात गावित, भिल्ल, कोकणा, वारली, जी असेल ती जमात. शिष्यवृत्तीसाठी विश्वास लपवू नका, आणि विश्वासासाठी जमात लपवू नका. दोन्ही खरी आहेत, दोन्ही लिहा.

मधले महिने

आता ज्या मुलाच्या अर्जामुळे माझे डोळे उघडले, त्याच्याविषयी. त्याला फेलोशिप मिळाली. मंडळीत टाळ्या वाजल्या, पाळकांनी प्रार्थना केली, पेढे वाटले. जुलैमध्ये तो शहरात गेला. ऑगस्टमध्ये पैसे आले नाहीत. सप्टेंबरमध्ये आले नाहीत. कधी सही राहिली, कधी एक कागद पुन्हा मागवला. खोलीचे भाडे आणि मेसचे पैसे मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला द्यावेच लागत. ऑक्टोबरमध्ये त्याचा फोन आला : "ताई, मी परत येतो. इथं उधारी कोणाकोणाची करू?"

त्या रविवारी उपासनेनंतर सहा कुटुंबे थांबली. त्यात कोणी श्रीमंत नव्हते. एक शिक्षक, एक परिचारिका, एक किराणा दुकानदार, बाकी शेतकरी. प्रत्येकाने महिन्याला १,००० रुपये द्यायचे ठरवले. दान नव्हे, उसने. सात महिने दरमहा ६,००० रुपये त्याला जात राहिले, एकूण ४२,०००. आठव्या महिन्यात मागची सगळी थकबाकी एकदम जमा झाली, आणि त्याच आठवड्यात त्याने पूर्ण रक्कम परत पाठवली. कुटुंबांनी ती वाटून घेतली नाही. वेगळ्या खात्यात ठेवली. त्यातून पुढे आणखी दोन मुलींचे असेच रिकामे महिने भागले.

यातून मी शिकले ते असे. एका मुलाची पाच वर्षांची पीएच.डी. आपल्या छोट्या मंडळीला करवणार नाही, आणि करायची गरजही नाही. तो पैसा सरकारकडे आहे. पण अर्जाची माहिती आणि पहिला हप्ता येईपर्यंतचे सहा-आठ महिने, या दोन ठिकाणी आपली मुले गळतात. मंडळीने नेमके तिथे उभे राहावे.

कोणीतरी कधीतरी असे उभे राहिले म्हणून माणसे घडली. केरळात १८९७ साली जन्मलेल्या जानकी अम्मल मद्रासच्या विमेन्स ख्रिश्चन कॉलेजात शिकवत होत्या. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात आशियातील स्त्रियांसाठी बार्बर शिष्यवृत्ती होती. तिच्यावर त्या तिथे गेल्या आणि १९३१ साली त्यांनी वनस्पतिशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. भारतात परतल्यावर कोइंबतूरला त्यांनी उसाच्या जातींवर संशोधन केले. ज्या घरातील माणसे उसाच्या फडात कोयता चालवतात, त्याच घरातील एखादी मुलगी उद्या उसावर संशोधन का करणार नाही?

या तीन महिन्यांत करायचे काम

दानीएलाने दहा दिवस मागितले. आपण तीन महिने घेऊ. पुढचा अंक येईपर्यंत प्रत्येक मंडळीने आपल्या भागातील बारावी, बी.एस्सी. आणि एम.एस्सी. विज्ञानाच्या मुलामुलींची यादी करावी. ख्रिस्ती असोत वा नसोत, सर्वांची. प्रत्येकाची कागदांची पिशवी एकदा उघडून पाहावी. जमेल तितकी रक्कम 'मधल्या महिन्यांसाठी' बाजूला ठेवावी आणि तिचा हिशोब लिहून मंडळीपुढे वाचावा.

ती आश्रमशाळेतील मुलगी आता दरवर्षी जून महिन्यात दोन-तीन विद्यार्थी घेऊन माझ्याकडे येते. स्वतः शेजारी बसून अर्जातले स्पेलिंग तपासते. मागच्या वर्षी तिनेही नेटचा अर्ज भरला. निकाल मनासारखा लागला नाही. पुन्हा भरणार म्हणते.

चर्चेसाठी प्रश्न

१. दानीएलाने राजाकडून काय स्वीकारले आणि काय नाकारले? आपल्या मुलांनी शिकताना काय स्वीकारावे, काय नाकारावे?
२. "इतके शिकून काय करणार" असे आपण कोणत्या मुलाला किंवा मुलीला म्हटले आहे का? आता त्यांच्यासाठी काय करता येईल?
३. आपल्या शाळेच्या रजिस्टरात आपल्या मुलांचे नाव, धर्म आणि जमात कशी लिहिली आहे?
४. आपली मंडळी एका विद्यार्थ्याचे सहा महिने सांभाळू शकेल का? कोणकोणती घरे पुढे येतील?

प्रार्थनेसाठी विषय

नेट परीक्षेला बसणाऱ्या आपल्या मुलामुलींसाठी. व्हॅलिडिटीची वाट पाहणाऱ्या कुटुंबांसाठी. कार्यालयांत प्रामाणिकपणे काम करणाऱ्या कारकुनांसाठी व अधिकाऱ्यांसाठी. आणि आपल्या सल्ल्यावर कोणाचे आयुष्य वळते हे ध्यानात ठेवून, बोलण्याआधी माहिती करून घेण्याची सुबुद्धी आम्हा सेवकांना मिळावी म्हणून.